नेवाला चालेल असं पीठ

मिस वर्डीच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शेगडीपासून लांब, खिडकीच्या कडेला असे. कॉर्नब्रेड करताना चुकूनही हात तिकडे जाऊ नये म्हणून, असं ती सांगायची. मक्याच्या ब्रेडमध्ये साखर पडली की तो केक झाला, आणि गव्हाचं पीठ पडलं की तो कशातच जमा नाही, हे तिचं मत. चर्चच्या जेवणाला कुणी पिवळाधमक, गोडूस कॉर्नब्रेड आणला तर ती एक तुकडा ताटात घ्यायची, शेवटच्या कणापर्यंत खायची आणि करणारीला म्हणायची, "छान झालाय हो केक." समोरचीला ते पुढल्या वर्षापर्यंत पुरायचं.

मी तिच्या शेजारी राहायला आले तेव्हा माझी मुलं लहान होती. आता ती आपापल्या संसारात आहेत. एवढ्या काळात टेनेसीच्या या डोंगरात मी पुष्कळ हातचं खाल्लं, पण तिच्यासारखा कॉर्नब्रेड कुठे नाही. तवा बिडाचा, खोलगट, तिच्या आजीचा. आजीकडून आईकडे आला, आईकडून हिच्याकडे. त्यात डुकराची चरबी घालून तो भट्टीत सणसणीत तापवायचा, ताकात कालवलेलं मक्याचं पीठ त्यात ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर तिचा चेहरा पडायचा. भाजून झाला की तवा ताटलीवर पालथा. अख्खा ब्रेड एका झटक्यात बाहेर, खालून तपकिरी आणि आरशासारखा. तव्याला साबण ठाऊक नव्हता. मीठ टाकून कापडानं पुसायचा, चरबीचं बोट फिरवायचं आणि पुन्हा शेगडीवर. आतून तो इतका काळा होता, की त्यात पाहिलं तर विहिरीत पाहिल्यासारखं वाटे.

नेवा ही तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा नेवा रांगत होती आणि वर्डीचा हात जेमतेम शेगडीपर्यंत पोचत होता. वडील खाणीत. वर्डीनं तिला वाढवलं ते याच ब्रेडवर. उंच पेल्यात ब्रेड कुस्करायचा, वर गार ताक ओतायचं आणि चमच्यानं भरवायचा. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी ते सुटलं नव्हतं. रविवारी चर्चनंतर नेवा बहिणीकडे जेवायची, संध्याकाळी पेलाभर ब्रेड-ताक खायची आणि मग गाडी काढून टेकडीपलीकडे आपल्या घरी जायची.

काही वर्षं नेवा वाळत चालली होती. पोट धरून बसायची. मुलगी डारला तिला शहरात मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि दुखण्याला नाव मिळालं, सिलियाक. गहू, जव असल्या धान्यातलं ग्लूटेन पोटाला चालत नाही. एक कण गेला तरी आतडं सोलवटतं.

हे ऐकून मिस वर्डीनं देवाचे आभार मानले. "एवढंच ना? मग तू माझ्याकडेच जेव. माझ्या ब्रेडमध्ये गहू आजवर शिरला नाही, पुढेही शिरणार नाही."

रविवारी नेवा जेवली आणि सोमवारी अंथरुणात पडली. पुढच्या रविवारीही तेच झालं. मग डारलाचा फोन आला. "मावशी, रागावू नका. आई आता तुमच्याकडे जेवणार नाही."

मी गेले तेव्हा मिस वर्डी टेबलाशी नुसती बसली होती. समोर काही निवडायला नाही, सोलायला नाही. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती.

"कुमुद," ती म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन ती आजारी पडते गं. जिला मी भरवून मोठी केली ती."

काहीतरी करायचं म्हणून मी पिठाची कागदी पिशवी उचलली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. इथे सगळ्या घरांत तेच पीठ. फुगवायची पावडर आणि मीठ आधीच घातलेलं, घरी नुसतं ताकात कालवायचं. आजवर ती पिशवी कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. मीठ-साखरेच्या पुड्यावर कोण वाचतं?

"मिस वर्डी, यात गहू आहे."

"चष्मा पूस तुझा."

मी पुसला. पुन्हा वाचलं. मक्याच्या खालोखाल गव्हाचं पीठ, स्पष्ट लिहिलेलं.

तिनं पिशवी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. मग खाली ठेवली. म्हणाली, "म्हणजे सगळ्या डोंगराला मी केक केक म्हणत हिंडले, आणि माझ्याच तव्यात..." आणि तिला हसू आलं. हसता हसता डोळे पुसले. "मेल्यावर वर आई भेटेल तेव्हा तिला हे सांगू नका हं कुणी."

तेव्हापासून पीठ शोधणं सुरू झालं.

मी शहरातून ग्लूटेन नसलेल्या पिठांच्या पिशव्या आणायचे. मिस वर्डी चिमूट जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. पहिलं पिवळं आणि भरड निघालं. "कोंबड्यांना घाल. त्यांनी तक्रार केली तर मला सांग." दुसरं इतकं बारीक की, "हे तोंडाला लावायचं की खायचं?" तिसऱ्यात साखर होती. ते तिनं तसंच बाजूला सारलं. एक बरं वाटलं म्हणून ब्रेड केला, तर तो पालथा घातल्यावर वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला.

"असं पाहिजे तरी कसं?" मी एकदा कंटाळून विचारलं.

"पांढरं. बारीक, पण दाताला थोडं कळेल असं. आणि जिवंत," ती म्हणाली. "ही सगळी मेलेली पिठं आहेत, बाळा. दाण्याचा कोंभ काढून टाकतात. का, तर दुकानात टिकावं. टिकतं खरं. मेलेलं काय, टिकतंच."

शेवटी ती म्हणाली, हॉबर्टकडे जाऊ.

हॉबर्ट मलिन्सची पाणचक्की ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. मिस वर्डीला आता गाडी चालवायला डोळे पुरत नाहीत, म्हणून मी नेली. हॉबर्ट दारात उभा होता, भुवयांपर्यंत पांढरा.

"मिस वर्डी! मला वाटलं तुम्ही पिशवीवाल्यांच्या झालात कायमच्या."

"झाले होते. त्याची शिक्षा भोगतेय. तुझ्याकडे पांढरा मका आहे?"

"आजोबांच्या बियाणाचा. हाताएवढी कणसं, दाणे घोड्याच्या दातासारखे."

"आणि गहू दळतोस?"

हॉबर्टला नेवाचं दुखणं ठाऊक होतं. या खोऱ्यात एकाचं पोट दुखलं की चर्चमध्ये सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतात, त्यामुळे काही लपून राहत नाही. त्याला सहज म्हणता आलं असतं की दगड पुसून देतो. पण तो म्हणाला, "त्याच दगडावर दळतो, मिस वर्डी. तुम्हाला मी हे पीठ देणार नाही."

ती वळली. गाडीपर्यंत गेली. मागून हॉबर्टची हाक आली. "पानगळीपर्यंत थांबाल का? नवा मका आला की दगड वर घेऊन टाकी लावायची आहे. तेव्हा सगळंच खोलून धुवून काढतो. गव्हाच्या आधी पहिलं दळण तुमचं."

"तोवर ती काय खाईल?" मिस वर्डी म्हणाली. मग स्वतःच उत्तर दिलं, "उकडलेले बटाटे. खाईल. थांबते मी."

मी लहानपणी जात्याला टाकी लावताना पाहिलं होतं. दारात बसून पाथरवट टाकीनं ठक ठक करत तळीवर बारीक खाचा पाडायचा. हॉबर्टचा दगड बैलगाडीच्या चाकाहून मोठा. पानगळीत त्यानं बोलावलं तेव्हा तो लाकडी यारीला टांगून वर उचलला होता आणि उलटा करून ठेवला होता. त्यावर मधून कडेपर्यंत खाचा गेलेल्या, सूर्याच्या किरणांसारख्या. हॉबर्ट गुडघ्यावर वाकून एकेक खाच टाकीनं जागी करत होता. दाणे ओतायचं लाकडी चाडं, पिठाची पन्हळ, दगडाभोवतीची पेटी, सगळं उन्हात धुवून टाकलेलं. भिंतीसुद्धा झाडून, पुसून घेतल्या होत्या. कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं काढलेलं पाहून मिस वर्डी म्हणाली, "जाळ्याला का रे शिक्षा?"

"त्यात गव्हाची धूळ असते," तो म्हणाला. मान वर न करता.

दगड बसवल्यावर त्यानं पाट सोडला. चाक आधी कुरकुरलं, मग फिरलं आणि पायाखालची फळी थरथरायला लागली. पहिलं पोतं दळून त्यानं ते डुकरांसाठी बाजूला ठेवलं. दगडाला चूळ भरायला लावली म्हणा ना. मग चाड्यात पांढरा मका ओतला. पन्हळीतून पीठ येऊ लागलं तसा मिस वर्डीनं खाली हात धरला. उबदार पीठ तिच्या ओंजळीत भरत गेलं, बोटांतून सांडत गेलं. वास असा, की ओल्या गवताचा आणि दुधाचा एकदम. तिनं चिमूट जिभेवर ठेवली. मी वाट पाहत होते की आता काहीतरी तिरकस बोलेल. तिनं दुसरी चिमूट घेतली. हॉबर्टनं टोपी काढली. मीही नकळत हात जोडले. चक्कीतच होतो आम्ही, पण तिथे मोठ्यानं बोलावंसं कुणालाच वाटलं नाही.

डारलानं एकदाच परवानगी दिली. "शेवटची वेळ हं, मावशी."

ब्रेड असा झाला होता की मला वर्णन करता येत नाही. नेवानं पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "ताई, हा लहानपणचा आहे गं. तू मध्ये इतकी वर्षं काय खायला घालत होतीस मला?"

"केक," मिस वर्डी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नेवाचा फोन आला, ठणठणीत आहे म्हणाली. मिस वर्डीनं फोन ठेवला आणि कोट घातला. "चल, मला तिच्याकडे ने. नेवाच्या बोलण्यावर जायचं नाही. लहानपणी ताप अंगात असला तरी खेळायला जायची. तिचं तोंड बघितलं पाहिजे."

नेवा कोचावर होती, गुडघे पोटाशी घेतलेले. पहिल्याइतकं वाईट नव्हतं, पण होतं. निघताना डारलानं दार आमच्यामागे अगदी हळू लावलं, आणि ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी मिस वर्डीकडे अंडी द्यायला गेले. ती नेहमीची न्याहारी करत होती. सॉसेज तळून उरलेल्या चरबीत गव्हाचं पीठ परतायचं, दूध घालायचं, ती दाट ग्रेव्ही बिस्किटांवर, म्हणजे इथल्या गव्हाच्या मऊ पावांवर, ओतायची. हे इथे घराघरांत रोजचं. ग्रेव्ही काढून घेऊन तिनं तव्यात मीठ टाकलं आणि कापडानं पुसायला लागली. पुसता पुसता हात थांबला. तिनं कापड उजेडात धरलं. कापडावर काळ्याबरोबर तपकिरी, चिकट काहीतरी होतं.

"कुमुद, मी आत्ता यात काय परतलं?"

दोघींनाही दिसत होतं.

"रोज सकाळी," ती म्हणाली. "मी, आई, आजी. रोज सकाळी गहू, आणि साबण कधीच नाही." ती खुर्चीत बसली, तवा मांडीवर घेऊन. "पीठ बरोबर होतं. पिठाचा दोष नव्हता."

मी म्हटलं, नवा तवा आणू. लगेच आणू. तसं पाहिलं तर हे सगळ्यात सोपं होतं. पण नेवाला भरवलं ते या तव्यातलं. ती म्हणाली, "नव्या तव्यातला ब्रेड तिला कुणीही देईल."

बिडाच्या तव्याचा जुना थर घालवायचा तर तो आगीत टाकावा लागतो. निखाऱ्यात पुरून लालबुंद होऊ द्यायचा. सगळं जळून जातं, कण म्हणून उरत नाही. पण बीड तडकतंही. खोऱ्यात अशा तडकलेल्या तव्यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, आणि सांगताना लोक आवाज खाली आणतात.

मिस वर्डीनं अंगणात हिकरीच्या लाकडांचा जाळ केला. कुणीतरी नेवाला कळवलं असावं. ती गाडी तशीच रस्त्यात सोडून धावत आली.

"ताई, वेडी झालीस का? आईचा तवा आहे तो!"

"माहीत आहे कुणाचा आहे."

"आईचा हात आहे त्यात. तो काळा रंग म्हणजे आई आहे. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही गं, एवढा तवाच आहे माझ्याकडे. मी बटाटे खाईन. आयुष्यभर खाईन. तू तो खाली ठेव."

मिस वर्डी तवा धरून उभी होती. मला वाटलं, आता ठेवते. इतका वेळ गेला.

"आई माझ्याशी शेवटचं काय बोलली ते मी तुला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तव्याचं काही बोलली नाही. म्हणाली, बाळाला उपाशी ठेवू नकोस."

आणि तिनं वाकून तवा जाळात ठेवला. टाकला नाही. पाळण्यात मूल ठेवावं तसा ठेवला.

आधी नुसता धूर झाला, दाट आणि चरबीच्या वासाचा. मग तव्याच्या पोटात एकदम ज्वाळा उठली. आम्ही लाकडं लावली होती ती खालून, ही आग आतून होती. कित्येक सकाळींची चरबी आणि पीठ पेटलं होतं. काळे पापुद्रे सुटून वर उडत होते, विरत होते. मी होम पाहिलेत, चिताही पाहिल्यात. त्या अंगणात मला दोन्ही एकदम दिसलं. मिस वर्डीचे ओठ हलत होते. नेवानं तिचा हात धरला होता. हळूहळू तवा लाल झाला, सूर्य मावळताना होतो तसा. त्यातून आरपार दिसेल असं वाटलं.

मग जाळ बसला. हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही, आग आपण होऊन विझेपर्यंत थांबायचं. तडकला तर याच वेळी तडकतो. आम्ही तिघी पायरीवर बसलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. राखेत एकदा काहीतरी टक् वाजलं. नेवानं डोळे मिटले. लाकूड होतं.

संध्याकाळी मिस वर्डीनं राख बाजूला सारली. तवा अखंड होता. राखाडी, उघडा, अनोळखी. मागच्या बाजूला काळ्याखाली कधीच न दिसलेली तवा ओतणाऱ्याची खूण दिसत होती, वाटोळ्यात एक लहान चांदणी. आजीनं तो घरात आणला तेव्हा तिनं ती पाहिली असेल. त्यानंतर आम्ही.

"हा आईनंसुद्धा असा पाहिला नसेल," नेवा म्हणाली.

नंतरचे दिवस मिस वर्डी तव्याला चरबी चोळून भट्टीत ठेवायची, गार करायची, पुन्हा चोळायची. त्याचा रंग मधासारखा झाला, त्यापुढे जाईना. घरातला गहू तिनं मला देऊन टाकला, बिस्किटांचं लाटणंही. "माझी न्याहारी? आता अंडी. तूच आणतेस ना."

मग तिनं नेवाला बोलावलं. नेवानं डारलाला सांगितलं नाही.

पीठ हॉबर्टचं, ताक गार, तवा सणसणीत. चर्र आवाज आला. पण पालथा घातला तर ब्रेड निघेना. मिस वर्डीनं तवा हलवला, वर थोपटलं. अर्धा ताटलीत पडला, अर्धा तव्याला चिकटून राहिला. तिच्या हाताखाली असं आयुष्यात झालं नव्हतं. ती तशीच उभी, कानांपर्यंत लाल.

नेवा उठली. उंच पेला घेतला, तव्यातला ब्रेड चमच्यानं खरवडून त्यात टाकला, ताटलीतला कुस्करून वर टाकला आणि ताक ओतलं. "कुस्करायचाच होता ना? निम्मं काम झालं."

मिस वर्डीनं डोकं झुकवून जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. नेहमीपेक्षा लांबली. नेवा म्हणाली, "ताई, देवाला ऐकू आलं. भिजतोय ब्रेड."

तिनं पेला पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडी घेऊन गेले तेव्हा मिस वर्डी ओसरीवर होती, रस्त्याकडे पाठ करून. फोन आत वाजला. ती उठली नाही. "नेवा असेल. ठणठणीत आहे म्हणेल. मला नाही ऐकायचं." फोन वाजून थांबला.

बऱ्याच वेळानं टेकडीवरून गाडीचा आवाज आला आणि अंगणात येऊन थांबला. तरी ती वळेना. खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला होता. मी मात्र पाहिलं. नेवा उतरली, केस न विंचरलेले, पायात घरातल्या सपाता. चालत आली ती सरळ, पोटावर हात नाही. आमच्या शेजारून आत गेली. स्वयंपाकघरात भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग तिचा.

"ताई, फोन का उचलत नाहीस? मला भूक लागलीय."

मिस वर्डीनं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशीच बसून राहिली. आतून नेवा पुन्हा ओरडली, तेव्हा ती उठली, पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले आणि आत गेली. मी अंडी दारात ठेवली. तव्याच्या मधोमध रुपयाएवढा एक काळा डाग धरलेला मला दारातून दिसला. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि मागोमाग मिस वर्डीचा.

"बस तिथे. आणि त्या साखरेला हात लावू नकोस."